शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास

चमकलं, तसा भोंगेबाईने झाडू तिथेच टाकला आणि मोजायला सुरुवात केली.

“एक पायरी, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या...”

मैदानाच्या गॅलरीला अडतीस पायऱ्या होत्या. एकोणीस वर्षं त्या रोज झाडून एका पायरीला एक सेकंद हा हिशेब तिच्या जिभेवर बसला होता. घड्याळ बघायला मान वळवावी लागते, जिभेला ते कष्ट नाहीत. वीज चमकल्यापासून तिसाव्या पायरीच्या आत गडगडलं तर मैदान रिकामं करायचं, असा नियम होता. एकतिसाव्या पायरीवर गडगडलं तरी ती रिकामं करायचीच, पण ते तिचं खासगी.

आज चोविसाव्या पायरीवर गडगडलं. फार मोठ्याने नाही. शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं, तेवढंच.

ती भोंग्याकडे धावली. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस जेवढं धावतं, तेवढी. भोंगा हाताने फिरवायचा होता. दांडा धरून सात-आठ वेढे देईपर्यंत तो नुसता कण्हायचा, आणि एकदा सूर सापडला की चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. त्याच्यावरूनच तिला भोंगेबाई हे नाव पडलं होतं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते पुस्तक कुणी उघडत नसे.

ट्रॅकवर चालणारी मंडळी पांगली. संध्याकाळी चालायला येणारे दहा-बारा जण, ठरलेले.

“अहो बाई, हा एवढा राउंड पुरा करते!” दोघी जावांपैकी थोरली वळणावरून ओरडली.

“करा की! मी विजेला थांबायला सांगते.”

धाकटी आधीच वळली होती. “चला हो जाऊबाई, एका राउंडाने तुमची कंबर काही उतरत नाही.”

“माझी कंबर बघायलाच मागे मागे चालतेस वाटतं!”

बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळे बँकवाले म्हणत, छत्री उघडून डौलात येत होते.

“मिटा ती. टोक आहे तिला.”

“टोक माझ्या नाकालाही आहे, बाई.”

“मग नाकावर हात ठेवा. पण आत व्हा.”

एक नवीन जोडपं झाडाकडे पळत होतं. तिथून हाकललं तर ते गॅलरीच्या पत्र्याखाली शिरायला लागलं. “पत्र्याखाली नको! उघडा आहे तो चारी बाजूंनी! इकडे, स्लॅबच्या खोलीत या!” एवढं ओरडून तिचा घसा बसला. नर्सताई न सांगताच आल्या होत्या. त्यांची रात्रपाळी आठला सुरू व्हायची. गणवेशाची पिशवी घेऊनच त्या चालायला येत आणि इथूनच परस्पर दवाखान्यात जात.

आता एकच माणूस मैदानात उरला होता, आणि त्याला भोंगा ऐकू येत नव्हता.

भोंगेबाईने दाराआडचं पिवळं फडकं काढलं आणि उंबऱ्यात उभी राहून हलवलं. दूरच्या वळणावरचा माणूस थांबला. त्याने हात वर केला आणि आडवाच, हिरवळ कापत, खोलीकडे निघाला. घाईने चालावं पण घाबरल्यासारखं दिसू नये, अशी चाल.

ते बॉयलरकाका. एका कारखान्याच्या बॉयलरघरात चौतीस वर्षं काढली, तिथेच दोन्ही कान ठेवून आले. सगळे त्यांना काका म्हणत. भोंगेबाई म्हणत नसे. ती नुसतं “अहो” म्हणायची. त्यांना ते ऐकू यायचं नाही, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

*

खोली मैदानाच्या सामानाची. हर्डल्स, भाले, गोळे, दोऱ्यांची भेंडोळी, फक्कीची पोती. मधोमध उंच उडीची जाड गादी. दोघी जावा त्या गादीवर बसत. आधी थोरली बसली की धाकटी आपोआप वर उचलली जायची, आणि मग दोघींत जुंपायची.

“लोखंडी कपाटाला टेकू नका. भिंतीलाही नको, आत गज आहेत तिच्या. चार्जर काढा तो. नळावर हातपाय धुवायला कुणी जायचं नाही.” हे सगळं ती दर वेळी म्हणायची. बँकवाले तिच्याबरोबर ओठ हलवायचे.

कोपऱ्यात बक्षिसं द्यायचा लाकडी मंच होता. एक, दोन, तीन असे आकडे रंगवलेल्या, उंच-सखल तीन पायऱ्यांचा. आतून पोकळ. दोनवर भोंगेबाई बसायची, तीनवर बॉयलरकाका. एक नंबर मधे, उंच. तिथे पाटी आणि खडू. पहिल्या नंबरावर आजवर कुणीच बसलं नव्हतं. तशी कुणाची छातीच नव्हती.

पाटीवर ती शेवटच्या गडगडाटाची वेळ लिहायची. नवीन गडगडाट झाला की जुनी वेळ पुसून नवी. शेवटच्या वेळेपासून पुरा अर्धा तास झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग बाहेर ऊन का पडेना. तिच्या आधीचा मैदानवाला तिला भोंग्याचा दांडा हातात देताना म्हणाला होता, “वीज येताना घाबरवते आणि जाताना मारते. लक्षात ठेव, बाई.” तिने मान डोलावली होती, पण खरं कळलं ते दुसऱ्या वर्षी. मैदानावर फक्कीच्या रेघा मारणारा माणूस पाऊस थांबला, आकाश उघडलं म्हणून पंधराव्या मिनिटाला बाहेर पडला. तिनेच दार उघडून दिलं होतं. जगला तो. पण त्याचा उजवा हात जन्माचा थरथरायला लागला. अजूनही रेघा तोच मारतो, म्हणून दुसऱ्या वळणावर ट्रॅकचे पट्टे साप गेल्यासारखे दिसतात. धावणारे तक्रार करतात. भोंगेबाई ऐकून घेते.

विजांचे दिवस वर्षातून दोनदा येत. एकदा उन्हाळा उतरताना, एकदा पाऊस परतीला लागल्यावर. ऐन पावसाळ्यात नुसता पाऊस असे, शहाण्या बाळासारखा, न बोलता. बाकीचे महिने मैदानावर कोरडं येणं-जाणं. माणसं यायची, गोल गोल फिरायची आणि जायची. झाडणाऱ्या बाईशी काय बोलणार? “बाई, इथे काच पडलीय.” “बाई, नळाला पाणी नाही.” तिची राहायची खोली गॅलरीच्या मागेच होती. भाऊ दोन महिन्यांनी फोन करायचा, तब्येत कशी आहे विचारायचा आणि उत्तर यायच्या आत “बरं, ठेवतो” म्हणायचा. रात्री ती रेडिओ लावायची, पण तोही ऐकून घेणारा नव्हे.

आणि मग विजांचे दिवस यायचे आणि डझनभर माणसं तिच्या खोलीत अर्धा अर्धा तास कोंडून बसायची. कुणाला कुठेच जाता यायचं नाही. दोघी जावा सासूच्या गोष्टी सांगायच्या. ती वारून नऊ वर्षं झाली होती, पण गोष्टींत अजून ठणठणीत होती. बँकवाले मोबाईलवर ढग दाखवायचे. कुणी लिमलेटच्या गोळ्या वाटायचं. ती मध्ये बसून पाटीवर वेळ लिहायची आणि सगळे तिच्या खडूकडे बघायचे. आयुष्यात आणखी कुठे कुणी तिच्या हाताकडे असं बघितलं नव्हतं. लोक विजेला भितात. भोंगेबाईला वाटायचं, आपल्याला तसं भिता येत नाही, हे काही खरं नाही.

बॉयलरकाकांचं आणि तिचं बोलणं हा खोलीचा करमणुकीचा भाग होता. ती त्यांच्याकडे तोंड करून हळू बोलायची. ते तिचे ओठ वाचायचे. आणि उत्तर द्यायचे ते बॉयलर चालू असल्यासारखं, खच्चून. त्यामुळे त्यांची अर्धी गोष्ट सगळ्या खोलीला ठाऊक आणि तिची अर्धी कुणालाच नाही.

“मीच करतो! पिठलं-भात कुणालाही येतं!” ते एकदा गरजले, आणि जावांनी पंधरा मिनिटं अंदाज बांधले की बाईने काय विचारलं असेल. एकदा “सतरा वर्षं झाली जाऊन!” म्हणाले, तेव्हा मात्र कुणी अंदाज बांधला नाही.

त्यांना गडगडाट कानाने कळत नसे. ते तीन नंबरावर बसले की उजवा तळवा लाकडावर पालथा ठेवत. पोकळ मंच घुमायचा, ते त्यांना हातात कळायचं. बॉयलरची तब्येत ते अशीच ओळखत असत म्हणे, पाइपावर हात ठेवून. मागच्या वर्षी एकदा ती खडू खाली ठेवून उठली होती, अर्धा तास भरला होता, आणि हे एकदम म्हणाले, “वाजला!” सगळे हसले. बहिऱ्याने ऐकलं म्हणून थोरली तर डोळे पुसायला लागली. भोंगेबाईने त्यांचा तळवा बघितला आणि पाटी पुसून नवी वेळ लिहिली. सात मिनिटांनी मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडली. तेव्हापासून नियमाला एक पोटनियम जोडला गेला. गडगडाट एकालाही कळला तरी वेळ नव्याने धरायची, मग तो कानाने कळो की हाताने.

*

तीन आठवड्यांपूर्वी भोंगेबाईने एक गडगडाट चोरला होता.

त्या दिवशी बॉयलरकाका पाटीकडे बघत म्हणाले होते, “मुलगा न्यायचं म्हणतो! तिकडे मोठं घर आहे!” तिने खडू उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाली, “जा की.” ते म्हणाले, “जावं लागेल!” तेवढ्यात बँकवाल्यांनी घड्याळ दाखवलं. “बाई, अर्धा तास झाला. भोंगा.”

ती उठली, दारापाशी गेली, आणि तिथे थांबून म्हणाली, “थांबा. वाजलं.”

“कुठे?”

“लांब वाजलं.”

आणि पाटी पुसून तिने नवी वेळ लिहिली. सगळ्यांनी सुस्कारे टाकले आणि पुन्हा बसले. शंका कुणी घेतली नाही. एकोणीस वर्षांत घेतली नव्हती. बॉयलरकाकांचा तळवा लाकडावर होता. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तेही बसून राहिले. त्या फुकटच्या अर्ध्या तासात त्यांनी तिला बॉयलर कसा पेटवतात ते सांगितलं, पहिल्या काडीपासून. तिला ते काही कळलं नाही आणि फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी नर्सताई हसत हसत म्हणाल्या, “काल पाळीवर उशिरा पोचले. माझ्या आधीची मुलगी माझ्यासाठी थांबली, तर तिची शेवटची बस चुकली. रात्रभर बाकावर झोपली बिचारी. घरी आठ महिन्यांचं लेकरू.”

“मला सांगायचं होतंत,” भोंगेबाई म्हणाली. “सोडलं असतं...”

“छे हो! वीज काय सांगून येते? तुम्ही म्हणालात वाजलं, म्हणजे वाजलं. तेवढा एकच शब्द आहे इथे, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.”

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भोंगेबाईने त्या दिवशी सगळी गॅलरी दोनदा झाडली.

*

आणि आज बॉयलरकाकांचा शेवटचा दिवस होता. मुलगा गाडी घेऊन सात वाजता थेट मैदानाच्या गेटवर येणार, सामान आधीच गाडीत, तिथूनच निघायचं. फोन त्यांना ऐकू येत नसे. मोबाईलवर लिहिणं दोघांनाही जमत नसे. म्हणजे काय ते आज, या खोलीत, आणि तेही गडगडलं तर. भोंगेबाई दुपारपासून आकाशाकडे बघत होती. दुपारभर ते कोरडं ठक्क. साडेपाचला पश्चिमेकडे काळं धरलं, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

मंडळी बसली. पाटीवर वेळ पडली, पाच बावन्न. मग सहा एक. मग सहा तेरा. सहा एकवीस.

काका तीन नंबरावर बसले होते, मांडीवर कागदी पिशवी. आज पाऊस गॅलरीच्या पत्र्यावर ताडताड वाजत होता आणि सगळ्यांनाच त्यांच्याशी बोलायचं होतं.

“काका, तिकडे लिफ्ट आहे का हो?” धाकटीने हातवारे करत विचारलं.

“आहे! दोन आहेत! एक बंद असते!”

“सूनबाई बऱ्या आहेत ना?” हे थोरलीचं.

“माझ्याशी बरी आहे! मला ऐकू येत नाही ना!”

खोली खदखदून हसली. बँकवाल्यांनी “काकांसाठी” म्हणून छोटं भाषण केलं, आणि ते काकांना सोडून सगळ्यांनी ऐकलं. कुणी गोळ्या वाटल्या. असं करता करता साडेसहा वाजले, पावणेसात वाजले, आणि भोंगेबाईच्या वाट्याला एक शब्दही आला नाही. ती दोन नंबरावर बसून राहिली. दुपारभर तिने मनात काहीतरी जुळवलं होतं. अगदी साधं होतं, जेवणखाण वेळेवर करा, अशा थाटाचं. आता तेही आठवेना.

पाऊस थांबला. दाराच्या फटीतून पिवळा उजेड आत आला. शेवटची वेळ सहा एकवीस, म्हणजे सहा एक्कावन्नला दार उघडायचं. नर्सताईंनी पिशवी खांद्याला लावली. नवीन जोडपं उभंच राहिलं. सहा एकोणपन्नास.

“वाजला!” बॉयलरकाका म्हणाले.

खोलीत एक “अरे देवा” उमटला. जोडपं पुन्हा बसलं. थोरली गादीत रुतली, धाकटी उचलली गेली.

“माझ्या मोबाईलवर काही नाही,” बँकवाले म्हणाले. “पण पोटनियम आहे. एकालाही कळला तरी. बाई, पाटी पुसा.”

“काकांना कुठलं ऐकू यायला!” थोरली पुटपुटली.

“टाकीच्या वेळी आलं होतं की, जाऊबाई. तेव्हा तुम्हीच हसला होतात.”

नर्सताईंनी घड्याळ पाहिलं. सव्वासातनंतर निघून पाळी गाठता येणार नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि खाली ठेवली. “बाई, तुम्ही सांगा. वाजलं का?”

सगळे तिच्या खडूकडे बघायला लागले.

भोंगेबाईने बॉयलरकाकांकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते, लहान मुलाने फुलदाणी फोडून बसावं तसे. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. दोन्ही. घट्ट, त्या कागदी पिशवीभोवती. लाकडाला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

तिला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एका माणसाने तिच्यासाठी गडगडाट चोरला होता. मुलगा गेटवर येणार, सगळी खोली बघतेय, आणि त्या माणसाला, ज्याने चौतीस वर्षं बॉयलरचा काटा कधी अर्धा सुद्धा खोटा सांगितला नसेल, तिच्याशेजारी आणखी अर्धा तास बसायचं होतं. नुसता पाटीवरून हात फिरवायचा. ओलं फडकं तिच्या हातातच होतं.

नर्सताईंची पिशवी जमिनीवर होती. त्यांनी तिच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं. बाई सांगतील ते खरं, आता त्यात बघायचं काय?

“अहो,” भोंगेबाई म्हणाली आणि त्यांना ओठ दिसावेत म्हणून मंचाच्या पुढे येऊन उभी राहिली. “हात कुठे होता तुमचा?”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“पिशवीवर!” ते म्हणाले. नेहमीसारखंच, खच्चून. मग थोडं थांबून, “चुकलं असेल माझं!”

खोलीला यातलं काही कळलं नाही. तिने स्वतःचा तळवा तीन नंबराच्या लाकडावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. लाकूड गार होतं आणि गप्प होतं. ती उरलेली दोन मिनिटं तशीच उभी राहिली, त्यांच्या गुडघ्याजवळ वाकून, जणू एखाद्याची नाडी बघतेय.

“नाही वाजलं,” ती म्हणाली. “सहा एक्कावन्न. चला.”

आणि जाऊन तिने भोंगा तीनदा आखूड वाजवला.

*

मंडळी भरभर निघाली. नर्सताई जाता जाता काकांच्या पाया पडल्या आणि पळाल्या. जावा दोघी डोळे टिपत, भांडत गेल्या. बँकवाल्यांनी हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. मैदान रिकामं झालं, ओलं, गुळगुळीत.

“दोन फेऱ्या राहिल्यात माझ्या!” बॉयलरकाका कुणाला तरी म्हणाले. खोलीत तीच एक होती. त्यांनी पिशवी उघडली. आत त्यांचेच बूट होते, कोरडे, प्रवासाचे. ते तसेच ठेवून त्यांनी पिशवी मिटून काखेत मारली आणि ओल्या बुटांनीच ट्रॅकवर उतरले.

भोंगेबाईने झाडू उचलला. पायऱ्यांवर पानांचा खच पडला होता, एका पावसात गॅलरीचं वाटोळं. तिने एक पायरी झाडली. दुसरी झाडली. मग झाडू उभा टेकवला, साडीचा पदर खोचला आणि खाली उतरली.

एकोणीस वर्षांत ती या ट्रॅकवर कधी चालली नव्हती. तो झाडला होता, दगड वेचले होते, पाणी मारलं होतं. चालणं हे चालणाऱ्यांचं काम.

त्यांनी तिला शेजारी आलेलं बघितलं आणि दुसऱ्या पट्ट्यात सरकले. ती तिसऱ्यात. चालताना समोर बघावं लागतं, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. म्हणजे ती काहीही बोलू शकत होती. पण तिच्या तोंडून एवढंच आलं, “पुढे पाणी साचलंय, जपून.” तेही त्यांना ऐकू गेलं नाही. पाण्यात पाय गेलाच.

एक फेरी झाली. वाकड्यातिकड्या रेघांचं वळण आलं.

“त्या दिवशी तुम्ही वाजलं म्हणालात!” ते समोर बघतच म्हणाले. आता मोठ्या आवाजाचं काही वाटायचं कारण नव्हतं, मैदानात कुणी नव्हतं. “तेव्हा लाकूड गप्प होतं!”

ती थबकली. मग भराभर चार पावलं पुढे गेली आणि उलटी वळून, त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे चालायला लागली. पडली असती तर जावांना वर्षभर पुरलं असतं.

“मग बोलला का नाहीत?”

“कशाला बोलू! बसायला मिळत होतं!”

“नर्सताईंच्या आधीच्या पाळीची पोरगी बाकावर झोपली त्या रात्री. बस चुकली तिची. घरी तान्हं.”

त्यांनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. “म्हणून आज नाही म्हणालात!”

“हो.”

“बरं केलंत!” मग दहा-बारा पावलांनी, जरा कुरकुरत, “तुमचा पचला! माझा नाही पचला!”

भोंगेबाई हसली. इतकी, की तिला उलटं चालता येईना. ती पुन्हा शेजारी आली आणि दोघं चालत राहिली. दुपारी जुळवलेलं तिला आता आठवलं. पण त्यासाठी पुन्हा पुढे जाऊन वळावं लागलं असतं. तिने ते तसंच राहू दिलं.

दुसरी फेरी अर्धी झाली, ते गेटासमोर आले, आणि गाडीचे दिवे त्यांच्यावर पडले. मुलगा खाली उतरला.

“बाबा, हे काय, बूट बघा तुमचे!” मग खुणेने, “या कोण?”

“या मैदानाच्या बाई!” बॉयलरकाका म्हणाले.

मुलाने नमस्कार केला, घाईत पण नीट. वडिलांना हाताला धरून बसवलं, पिशवीतले कोरडे बूट काढून पायात घातले, ओले डिकीत टाकले. चांगला मुलगा होता. तेवढंच एक वाईट होतं त्याच्यात. काकांनी काचेआडून तिच्याकडे बघितलं आणि उजवा तळवा काचेवर टेकवला, पालथा. गाडी हलली, तसा तो थोडा थरथरला. मग गाडी वळली.

गेट ट्रॅकच्या या टोकाला, तिची खोली बरोबर त्या टोकाला. मागे फिरलं काय आणि पुढे गेलं काय, अंतर तेवढंच होतं.

ती पुढे गेली. फेरी पुरी करायची म्हणून, सावकाश, तिसऱ्या पट्ट्यातून, दुसरा पट्टा मोकळा ठेवून.